अंधाऱ्या बोळाचा इतिहास

गेल्या वर्षी गौरीच्या जेवणाला मी अक्काकडे गेलो होतो. पुरणपोळीवर तूप वाढता वाढता ती हळूच म्हणाली, "जेवण झालं की जरा वर जा आणि त्याच्याशी बोल. तू मास्तर आहेस. तुझं ऐकेल तो."

'तो' म्हणजे माझा भाचा. वय वर्षे चोवीस. दिवसा बाजारपेठेतल्या एका खत-बियाण्यांच्या दुकानात हिशेब लिहितो आणि रात्री माडीवरचे दार लावून संगणकापुढे बसतो. व्हिडिओ गेम खेळत बसतो असे मात्र नव्हे. तो गेम तयार करतो. दोन वर्षे झाली, हा उद्योग चालू आहे. कुणी सांगितलेला नाही, कुणी पैसे दिलेले नाहीत.

"भुताचा खेळ करतोय मेला," अक्का सांगू लागली. "रात्री दोन दोन वाजेपर्यंत. मी पाणी प्यायला उठले की वरून कुणीतरी दबकत चालल्यासारखा आवाज येतो. आता लग्नाचं वय झालं. मुलीकडच्यांना काय सांगू? मुलगा भुतं करतो म्हणून?"

मला हसू आले, पण अक्काच्या डोळ्यांत पाणी होते. तेव्हा मुकाट्याने हात धुतले आणि जिना चढलो.

माझी योग्यता वाचकांना आधीच सांगून टाकतो. मी मॅट्रिक झालेला मनुष्य. पुढे चित्रकलाशिक्षकाची पदविका घेतली आणि शाळेत चिकटलो. चार कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत. त्यांतल्या दोन बऱ्यापैकी खपल्या आणि दोन प्रकाशकाच्या माळ्यावर सुखाने नांदत आहेत. संगणकाशी माझा संबंध शाळेचे निकालपत्रक भरण्यापुरता. असा मनुष्य भाच्याला उपदेश करावयास गेला आणि तासाभराने घामाघूम होऊन खाली आला. त्या तासात काय घडले आणि त्यापुढे वर्षभर मी काय वाचीत बसलो, त्याची ही हकीकत आहे.

भाच्याने माझा चेहरा पाहताच ओळखले असावे. तो म्हणाला, "मामा, तुम्हांला आईनं पाठवलंय. माझा खेळ अजून दाखवण्यासारखा झालेला नाही. पण बोलण्याआधी तुम्ही हा एक खेळून बघा. या सगळ्यांचा हा आजा."

पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांनी बनलेली एक आकृती आली. सर्कशीच्या दारात उभा राहून तिकिटे विकणारा असतो ना, तसा कुणी तरी. घाबरट माणसांनी आत येऊ नये, अशी सूचना तो देत होता. पुढच्या क्षणी मी एका बोळात उभा होतो. दोन्ही बाजूंना भिंती, समोर अंधार. बाणाचे बटण दाबले की एक पाऊल पुढे. माझे स्वतःचे शरीर कुठेच दिसत नव्हते. दिसत होते ते फक्त माझ्या डोळ्यांना दिसेल तेवढे. भाचा म्हणाला, "याला फर्स्ट पर्सन म्हणतात." मी म्हटले, "अरे, म्हणजे प्रथमपुरुषी! चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत मी, एवढे कळते मला."

तेवढ्यात पडद्याच्या तळाशी एक ओळ उमटली: तो तुमचा माग काढतो आहे, अशा अर्थाची. मी वळलो. पुन्हा बोळ. आणखी एक ओळ: पावले जवळ येत आहेत. आवाज मात्र काहीच नाही. मी भराभर बटणे दाबू लागलो, एका आंधळ्या वळणात अडकलो, मागे फिरलो आणि समोर चौकोनी ठिपक्यांचा एक राक्षसी प्राणी तोंड वासून उभा! मी खुर्चीतून खरोखरच मागे सरकलो. अंगणात खेळणाऱ्या पोराने ठोकळे रचून केल्यासारखे ते चित्र, आणि त्याने सेहेचाळीस वर्षांच्या मास्तरांची भंबेरी उडवली.

"हे कुणी केले?" मी विचारले.

"एका माणसानं. एकट्यानं. १९८१ साली."

त्या माणसाचे नाव माल्कम इव्हान्स. इंग्लंडमधला हा इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंता. आधी मार्कोनी कंपनीत उपग्रह आणि विमानाच्या इंजिनांची नियंत्रणे यांवर त्याने काम केलेले, पुढे स्पेरी जायरोस्कोप या कंपनीत नव्या मायक्रोप्रोसेसरांची पारख करण्याचे. खेळांच्या धंद्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. १९८१ च्या एप्रिलमध्ये वाढदिवसाची भेट म्हणून त्याच्या पत्नीने त्याला एक छोटा संगणक दिला. त्याचे नाव झेडएक्स ८१.

हा संगणक सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बाजारात आणला होता. किंमत ६९ पौंड ९५ पेन्स. आणि सुटे भाग घेऊन घरी स्वतः जोडणार असाल तर ४९ पौंड ९५ पेन्स. सामान्य घरात संगणक नेणाऱ्या पहिल्या यंत्रांपैकी हे एक. पुढे ते पंधरा लाखांच्या वर खपले. पण यंत्र अगदी गरीब. स्वतंत्र पडदा नाही. घरातला दूरदर्शन संच जोडावयाचा. कार्यक्रम साठवावयाचे ते गाण्याच्या कॅसेटवर. रंग नाहीत, आवाज नाही. आणि स्मरणशक्ती? एक किलोबाइट. म्हणजे एका पोस्टकार्डावर बारीक अक्षरात मावेल एवढा मजकूर. अधिक हवी असेल तर सोळा किलोबाइटांची एक डबी पाठीमागे खोचावी लागे, आणि ती डबी इतकी सैल बसे की टेबलाला धक्का लागला तर सगळा लिहिलेला कार्यक्रम पुसला जाई. त्या काळी झेडएक्स ८१ वापरणारी माणसे टेबलाजवळून मांजरासारखी चालत असतील, असे मला वाटते.

या यंत्राचा प्रोसेसर इतका बिचारा होता की पडद्यावरचे चित्र नुसते टिकवून धरण्यातच त्याचा बहुतेक वेळ खर्च होई. विचार करण्यासाठी उरे तो थोडासा. पडद्यावर एकंदर ३२ अक्षरांच्या २४ ओळी. एका अक्षराच्या जागेचे चार चौकोन करता येत. म्हणजे आडवे ६४ आणि उभे ४८ ठिपके. एवढ्यात चित्र काढावयाचे!

मी चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसवतो. यथार्थदर्शनाचा पहिला पाठ मी नेहमी एकाच चित्राने सुरू करतो: सरळ जाणारा रस्ता, त्याच्या दोन्ही कडा दूर जाऊन एका बिंदूत मिळालेल्या. चार रेघा ओढल्या की सपाट कागदाला खोली येते. इव्हान्सने नेमके हेच केले. त्या ठोकळेबाज ठिपक्यांनी त्याने भिंतीच्या कडा तिरप्या काढल्या, डावीकडे उजवीकडे फुटणाऱ्या वाटा दाखवल्या, आणि चालणाऱ्याच्या प्रत्येक पावलागणिक ते चित्र नव्याने रेखाटण्याची सोय केली. चक्रव्यूह दर वेळी नवा बनावा, अशीही युक्ती योजली. मग त्या बोळांत त्याने सोडला टायरॅनोसॉरस रेक्स, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचा मांसाहारी महाकाय सरडा. खेळणाऱ्याच्या हाती शस्त्र नाही, काठी नाही. पळावयाचे आणि बाहेरची वाट शोधावयाची, एवढेच.

१९८१ सरता सरता खेळ तयार झाला आणि १९८२ च्या प्रारंभी जे. के. ग्रे सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने तो कॅसेटवर विकावयास काढला. नाव 'थ्रीडी मॉन्स्टर मेझ'. त्याच वर्षी इव्हान्सने 'न्यू जनरेशन सॉफ्टवेअर' ही स्वतःची कंपनी काढली. गंमत अशी की, पुढे १९८४ मध्ये त्याचा जो दुसरा खेळ गाजला, त्याचा नायक होता घरोघरचा कचरा गोळा करणारा माणूस. ज्याने बोळात राक्षस सोडला त्यानेच रस्त्यावर कचऱ्याची गाडी फिरवली.

प्रथमपुरुषी चक्रव्यूहाची कल्पना मुळात इव्हान्सची होती असे म्हणता येणार नाही. अमेरिकेत नासाच्या एम्स संशोधन केंद्रात १९७३ च्या सुमारास स्टीव्ह कॉली आणि त्याच्या सोबत्यांनी तसा एक खेळ रचला होता. पण तो संशोधन केंद्रातल्या महागड्या यंत्रांवर चाले. तो बोळ सामान्य माणसाच्या बैठकीच्या खोलीत आणला आणि त्यात भय ठेवले, ते या हौशी अभियंत्याने. म्हणूनच जीव वाचवण्याच्या भयखेळांचा इतिहास सांगणारे बहुतेक जण त्याच्या नावापाशी थांबतात.

मला मात्र सर्वांत विलक्षण वाटली ती निराळीच गोष्ट. झेडएक्स ८१ ला आवाज नव्हता. पावलांचा आवाज ऐकवता येत नव्हता, म्हणून इव्हान्सने तो शब्दांत लिहिला! मघाशी माझ्या पाठीवर जो काटा आला होता, तो चित्राने आणलेला नव्हता. चित्र तर शेवटी आले. काटा आणला तळाशी उमटणाऱ्या त्या एका ओळीने. आवाज नसल्यामुळे तो माझ्या डोक्यात वाजला. हे तर आम्हां कथालेखकांचे काम. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा दिवाळी अंकांत वाचून आमची पिढी रात्री अंगणापलीकडे जावयास भ्यायली, ती काय चित्रे पाहून?

यानंतरची दहा वर्षे यंत्रे झपाट्याने सुधारली आणि खेळांचा कारखाना झाला. १९९२ मध्ये फ्रान्समधल्या इन्फोग्राम्स कंपनीतून फ्रेडरिक रेनाल याचा 'अलोन इन द डार्क' आला. त्यात एका ओसाड हवेलीत एकटे शिरावे लागे. १९९६ मध्ये जपानच्या कॅपकॉम कंपनीने शिंजी मिकामी याच्या दिग्दर्शनाखाली 'रेसिडेंट ईव्हिल' काढला आणि या प्रकाराला नाव मिळाले: सर्व्हायव्हल हॉरर. लढून जिंकण्यापेक्षा तगून राहणे मोठे, असे भय. त्यात बंदुकीच्या गोळ्या मोजक्याच मिळत. एवढेच काय, खेळ कुठवर आला याची नोंद करून ठेवायची तर टंकलेखन यंत्राची शाईची फीत लागे, आणि त्या फितीही मोजक्याच! दिवाळीच्या फटाक्यांसारखी काटकसर. प्रत्येक फीत वापरताना जीव वरखाली होई.

१९९९ मध्ये कोनामी कंपनीचा 'सायलेंट हिल' आला. त्यातले गाव दाट धुक्यात बुडालेले आहे. त्या वेळच्या प्लेस्टेशन यंत्राला दूरवरचे घर-रस्ते एकदम रेखाटणे झेपत नसे. धुक्याने ती अडचण झाकली. आणि झाकता झाकता असे झाले की लोकांना त्या धुक्याचीच भीती वाटू लागली. पुढची यंत्रे बलवान झाली, क्षितिजापर्यंतचे झाड अन् झाड दाखवू लागली, तरी त्या मालिकेतले धुके काही गेले नाही. अडचण संपली आणि अलंकार उरला.

तेव्हा या इतिहासात मला एकच सूत्र वारंवार दिसू लागले. जे नाही, त्याने भय निर्माण केले. आवाज नाही, म्हणून शब्द. नजर पोहोचत नाही, म्हणून धुके. गोळ्या नाहीत, म्हणून जपून टाकलेले पाऊल. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानक रसाची कारणे सांगताना ओसाड घर, अरण्य, विचित्र आवाज, घुबड-कोल्ह्यांचे ओरडणे ही यादी दिली आहे. तीही पाहा: ओसाड घर म्हणजे माणसे नसलेले घर. आवाज म्हणजे ज्याचा धनी दिसत नाही तो.

मोठ्या कंपन्यांना हे सूत्र ठाऊक नव्हते असे नाही. पण ज्याच्यापाशी शेकडो चित्रकार आणि कोट्यवधी डॉलर आहेत, त्याला न दाखवणे जड जाते. खर्च केलेला माल दुकानात मांडावासा वाटणारच. म्हणून की काय, पुढच्या काळात या प्रकारातले कित्येक मोठे खेळ भयाकडून मारामारीकडे झुकले. आणि अंधारा बोळ पुन्हा सापडला, तो छोट्या माणसांना.

स्वीडनमधल्या 'फ्रिक्शनल गेम्स' या लहानशा मंडळीने २०१० मध्ये 'ॲम्नेशिया' हा प्रथमपुरुषी खेळ काढला आणि खेळणाऱ्याच्या हातचे शस्त्रच काढून घेतले. राक्षस दिसला तर लपावयाचे. त्याच्याकडे टक लावून पाहिलेत तर तुमचेच डोके फिरू लागते. २०१२ मध्ये मार्क हॅडली याने 'स्लेंडर' नावाचा छोटासा खेळ फुकट वाटला. रात्रीचे रान, हातात एक बॅटरी, आणि रानात विखुरलेले आठ कागद शोधावयाचे. पाठीमागे एक चेहरा नसलेला उंच माणूस. बस्स, एवढाच खेळ. आणि जगभरची पोरे किंचाळली. हे घडू शकले याचे एक कारण असे की, 'युनिटी' सारखी खेळ बांधण्याची तयार साधने तोवर घरबसल्या मिळू लागली होती. पूर्वी भिंत बांधावयाची तर वीट भाजण्यापासून सुरुवात करावी लागे. आता विटा तयार मिळू लागल्या. घर कसे बांधावे, हा प्रश्न मात्र ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो.

पण या साऱ्या मंडळींत माझ्या मनात घर करून राहिला तो स्कॉट कॉथन. अमेरिकेतल्या टेक्सासचा हा गृहस्थ. बायको-मुले असलेला, श्रद्धाळू वृत्तीचा. वर्षानुवर्षे तो एकट्याने खेळ करीत होता. त्यांत धार्मिक कथांवरचेही होते. यश म्हणावे असे पदरी पडत नव्हते. २०१३ मध्ये त्याने लहान मुलांसाठी लाकूडवखारीतल्या प्राण्यांचा एक गोड खेळ केला. टीकाकार म्हणाले, यातली पात्रे जत्रेतल्या यांत्रिक बाहुल्यांसारखी हलतात, पाहून भीती वाटते!

मुलांना हसवावयास काढलेल्या चित्राला कुणी भयंकर म्हणावे, याहून मोठे दुःख चित्रकाराला कोणते? माझ्या दुसऱ्या कादंबरीतल्या करुण प्रसंगाला एका परीक्षकाने 'विनोदी' म्हटले होते, तेव्हा मी आठ दिवस कुणाशी बोललो नव्हतो. कॉथनलाही ती टीका फार लागली, असे त्याने पुढे सांगितले आहे. पण मग त्याच्या मनात आले: माझी पात्रे यांत्रिक आणि भीतिदायक दिसतात काय? ठीक. आता मुद्दाम भीतिदायक करून दाखवतो.

ऑगस्ट २०१४ मध्ये त्याचा 'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज' प्रसिद्ध झाला. किंमत पाच डॉलरला एक सेंट कमी. खेळ असा: तुम्ही एका पिझ्झाच्या उपाहारगृहात रात्रीचे पहारेकरी. दिवसा मुलांना रिझवणाऱ्या चार यांत्रिक बाहुल्या तेथे आहेत. अस्वल, ससा, कोंबडी आणि कोल्हा. थेट पंचतंत्रातली मंडळी. रात्री त्या चालू लागतात. तुम्हांला मात्र खुर्चीवरून उठता येत नाही. कॅमेऱ्यांतून त्यांच्यावर नजर ठेवावयाची आणि जवळ आल्या तर डावे-उजवे दार लावावयाचे. पण वीज मोजून मिळालेली. कॅमेरा पाहिला, वीज खर्च. दार लावून धरले, वीज खर्च. सकाळचे सहा वाजण्यापूर्वी वीज संपली की दारे आपोआप उघडतात, अंधार होतो, आणि त्या अंधारात अस्वलाचा चेहरा लुकलुकत एक गोडशी धून वाजवू लागतो.

वाचकहो, भारनियमनाची ती वर्षे आठवतात? वीस वर्षांपूर्वी आमच्याकडे रोज तासन् तास वीज जात असे. इन्व्हर्टरचा दिवा मंद होऊ लागला की घरातले सगळे गप्प होत. विजेची भीती म्हणजे काय, हे टेक्सासच्या माणसाने महाराष्ट्राला शिकवावे असे नाही. पण त्याने ती भीती खेळात बांधली, आणि जे साधन वापरले तेही मुळात सपाट चित्रांच्या साध्या खेळांसाठी केलेले होते. चालता न येणारा नायक आणि मोजकी वीज: दारिद्र्याचेच दोन दागिने. एका वर्षाच्या आत त्याने त्या मालिकेचे चार भाग काढले. पुढे कादंबऱ्या आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये चित्रपट आला आणि त्याने जगभरात तीस कोटी डॉलरच्या आसपास गल्ला जमवला.

ही शेवटची संख्या मी अक्काला सांगितली असती तर ती त्याच दिवशी मुलीकडच्यांना पत्र लिहावयास बसली असती. पण मी ती सांगितली नाही. कारण इतिहासाशी तेवढी अप्रामाणिकता करणे मला जमले नाही. एक कॉथन आपल्याला दिसतो, तो सोन्याच्या उजेडात उभा आहे म्हणून. ज्यांचे खेळ दहा जणांनी घेतले आणि अकराव्याने नाव विचारले नाही, अशी माणसे दिसत नाहीत. त्यांची संख्या फार मोठी आहे. मी स्वतः त्या दुसऱ्या रांगेतला. माळ्यावरच्या दोन कादंबऱ्यांचे गठ्ठे माझ्या ओळखीचे आहेत. तेव्हा 'मुलगा पैसे मिळवील' या भरवशावर भाच्याची बाजू घेणे हे खोटेच झाले असते.

आणि 'सोडून दे' म्हणणे? तेही मला जमेना. मी सोळा वर्षांचा असताना रात्री कंदिलाशी बसून एक भयकथा लिहिली होती. वडिलांनी वही उघडून दोन पाने वाचली आणि विचारले, "हे कोण वाचणार?" त्यांनी रागाने विचारले नव्हते; त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. वही माळ्यावर गेली. पुढे भावाभावांच्या वाटण्या झाल्या, वाडा बिल्डरला दिला, आणि बारा वर्षांपूर्वी तो पाडला तेव्हा वहीही त्या मातीत गेली. वडिलांच्या प्रश्नाला उत्तर नव्हते, हे खरे. पण असा प्रश्न मी दुसऱ्याला विचारावा, हे माझ्या हातून होणे नाही.

म्हणून वर्षभर मी अक्काला चुकवीत राहिलो. "बोललास का?" असे ती विचारी आणि मी "अजून वाचतो आहे" असे म्हणे. माल्कम इव्हान्सच्या पत्नीविषयी मात्र मी तिला एकदा सांगितले. वाढदिवसाला तिनेच ते यंत्र आणून दिले म्हटल्यावर अक्का म्हणाली, "तिला काय ठाऊक, तो असलं काही करील म्हणून?"

या वर्षी श्रावणात भाच्याचा निरोप आला: मामा, या. बघण्यासारखा झालाय.

मी आणि अक्का दोघेही वर गेलो. ती उंबरठ्याशीच उभी राहिली. भाच्याने दिवा मालवला. पडद्यावर अंधार. हातात एक बॅटरी, तिचे सेल किती उरले ते कोपऱ्यात दिसत होते. मी बटण दाबले. प्रकाशाचा गोल पुढे सरकला आणि मला जे दिसले त्याने माझा हात थांबला.

दगडी जोते. तीन पायऱ्या, मधली खचलेली. ओसरीवरचा झोपाळा, त्याची एक कडी दुसरीपेक्षा आखूड. माजघराचे बुटके दार. मी नकळत मान वाकवली, आणि संगणकापुढे खुर्चीत बसून मान वाकवणाऱ्या मामाला पाहून भाचा हसला. आमचा वाडा! बारा वर्षांचा असताना ज्या आजोळी तो शेवटची मे महिन्याची सुट्टी घालवून गेला, तो वाडा त्याने आठवणीतून उभा केला होता. माजघरातून परसाकडे जाणारा तो काळोखा बोळही होता. लहानपणी सरपण आणावयास त्या बोळातून जाताना मी मोठ्याने पाढे म्हणत असे.

खेळात भूत आहे की नाही, हे मी सांगणार नाही. ज्याने केले त्याचा तो माल आहे. एवढेच सांगतो की अर्धा तास मी त्या घरात फिरलो, कुणी दिसले नाही, आणि दर दारापाशी मला वाटे की आत कुणी तरी आत्ताच उठून गेले आहे. एका जागी कोनाड्यातून एक विक्राळ चेहरा झपकन बाहेर आला. मी म्हटले, "हा काढून टाक. घर पुरे आहे." भाच्याने वाद घातला नाही, कागदावर टिपून घेतले. इव्हान्सपासून कॉथनपर्यंत वर्षभर जे वाचले, त्याचा एवढाच उपयोग झाला.

बॅटरीचे सेल संपत आले होते. पडद्यावर माजघराच्या आतली खोली आली. कोनाड्यात एक विझलेली समई.

उंबरठ्यावर उभी असलेली अक्का एव्हाना केव्हा तरी आत येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली होती. मला वाटले, आता ती रागावेल, किंवा रडेल. तिने पडद्यावर बोट ठेवले.

"देवघर इकडे नव्हतं रे," ती म्हणाली. "त्या बाजूला होतं, उजवीकडे. आणि समईच्या वर भिंतीवर काजळीचा डाग होता. थांब, मी सांगते तुला."

भाच्याने तिला खुर्ची दिली. मी खाली जाऊन चहा टाकला. बऱ्याच वेळाने दोन कप घेऊन वर गेलो, तेव्हा मायलेक अजून अंधारातच बसले होते आणि अक्का त्याला परसातल्या विहिरीची जागा दाखवीत होती.